विषय वाचला की डोकं एकदम कोरं होतं, काय करू?

"ताई, निबंधाचा विषय वाचला ना की काहीच सुचत नाही. एकदम कोरं." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकते, दहावीच्या पोरांपासून ते स्पर्धा परीक्षावाल्यांपर्यंत, की आज एका मुलीबद्दल लिहूनच टाकते. तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

मुलगी इथलीच, इंदूरची, मराठी घरातली, भंवरकुआंला क्लास, यूपीएससीचा दुसरा अटेम्प्ट. पहिल्या दिवशी आई घेऊन आली आणि आईच बोलत होती, "अहो शाळेत निबंधात हिचा नेहमी पहिला नंबर, आता टेस्टच्या आदल्या रात्री जेवतसुद्धा नाही." मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसलेली. मी आईला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, शाळेत निबंध लिहायचीस कशी गं? म्हणाली, "पाठ करायचे. बाबा आणून द्यायचे, मी पाठ करायचे." आता क्लासमध्येही तेच चाललेलं, सुरुवातीच्या ओळींची आणि सुविचारांची एक जाड वही, ती रोज वाचायची. मला या वह्यांचा खरंच राग येतो, कारण मुलांना वाटायला लागतं की विचार म्हणजे दुसऱ्याकडून आणून आपण फक्त मांडायची वस्तू.

मग तिला टेस्टमधलाच विषय दिला, पाणी हा हक्क की विकायची वस्तू, आणि म्हटलं माझ्यासमोर लिही. तिनं लिहिलं 'जल ही जीवन है', खोडलं. दुसरी ओळ, खोडली. अकरा मिनिटांत चार ओळी आणि चारही खोडलेल्या, मग पेन खाली ठेवून म्हणाली, "बघा ना, कोरं." पण कोरं कुठे होतं? चार गोष्टी आल्या होत्या आणि चारही तिनंच दारातून परत पाठवल्या होत्या. विचार शोधायचा, त्याच क्षणी तो चांगल्या हिंदीत बसवायचा आणि वर तपासणाऱ्याला आवडेल का तेही बघायचं, ही तीन कामं आहेत, आणि कुणाचंही डोकं ती एका वेळी फार काळ पेलू शकत नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोघांनी लिहिणाऱ्यांना मनात येईल ते मोठ्यानं बोलत बोलत लिहायला लावून अभ्यास केला होता, १९८१ सालचं काम आहे. त्यात त्यांनी ठरवणं, वाक्यात उतरवणं आणि तपासणं ही कामं वेगवेगळी करून दाखवली, आणि हेही की लिहिणारा माणूस यांच्यात सारखा पुढे-मागे जात असतो, म्हणजे आराखडा एकदा केला की दगडावरची रेघ झाली असं नाही.

मी तिची वही बंद केली आणि विचारलं, तुमच्याकडे आज नर्मदा आली होती का?

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नळाला पाणी आलं असं फार कोणी म्हणत नाही, नर्मदा आली म्हणतात. तर ती बोलायलाच लागली, की नाही, आज वार नव्हता, एक दिवसाआड येते, आणि आली की शेजारचे काका मोटर लावून ओढतात मग आमच्याकडे धार बारीक होते, आई पहाटे उठून आधी पिण्याचं भरते, बाकी बोरिंगचं, त्यात डाळ शिजत नाही, आणि आजी सांगते की १९७८ ला नर्मदा शहरात आली त्याआधी विहिरीवर रांग असायची. मी विचारलं, ही नर्मदा येते कुठून? "जलूदहून." किती लांब? "सत्तर किलोमीटर असेल." आणि नदी तर खाली आहे, आपण वर माळव्यात, मग पाणी चढतं कसं? "पंपानं," म्हणाली आणि मग थांबली. "म्हणजे विजेवर. म्हणजे बिल कोण भरतं हा खरा प्रश्न आहे ना, ताई?"

हे सगळं ती मराठीत बोलत होती. तिचा पेपर हिंदीत, शाळा झाली इंग्रजीत, घर मराठी. टेबलाशी बसली की ती फक्त निबंधाच्या हिंदीत तयार असलेलाच विचार आत येऊ देत होती, आईची पहाट आणि काकांची मोटर मराठीत होती म्हणून बाहेरच राहायची. आपल्याकडे इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांत हे मी खूप बघते. म्हणून तिला सांगितलं, कच्च्या कागदावर भाषा बघायची नाही, ज्या भाषेत येईल तसं टाक, वाक्य नको, दोन-तीन शब्द पुरे.

तो कागद मला अजून आठवतो, पाठकोरा, आडवा धरलेला. 'काका मोटर', 'दाल नहीं गलती', 'जलूद, बिजली', 'टँकर रेट?', 'राइट टू लाइफ, कलम २१', 'आरओचं वाया पाणी', 'आजी विहीर', एका कोपऱ्यात 'अहिल्याबाई, घाट, बावड्या'. दहा मिनिटांत बावीस गोष्टी. मग मी विचारलं, तुझ्याशी कोण भांडेल? तिनं लिहिलं, 'फुकट दिलं तर लोक सांडतात.' त्यानंतर जोडीला जाणाऱ्या गोष्टींना रेघा मारल्या, सात-आठ खोडल्या, आणि शेवटी एकाच वाक्यात तिचं म्हणणं, की पिण्यापुरतं पाणी हक्काचं, त्यापुढच्या पाण्याला दर हवा, कारण ते वर चढवायचा खर्च कुणीतरी भरतंच आहे. त्या वाक्यानं ठरवलं काय राहणार आणि काय जाणार. आजीची विहीर राहिली, अहिल्याबाई मात्र गेल्या, आणि ते तिला जड गेलं कारण वहीत त्यांच्यावर अख्खं पान तयार होतं.

"पण एवढा वेळ कुठून आणू?" हे सगळेच विचारतात. यूपीएससीचा निबंधाचा पेपर तीन तासांचा, निबंध दोन, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द, म्हणजे एकाला ९० मिनिटं. मी तिला पेपरातला एक उतारा घड्याळ लावून नुसता उतरवायला लावला, मिनिटाला २० शब्द भरले. म्हणजे ११०० शब्दांना ५५ मिनिटं. कच्च्या कामाला २० घेतली तरी १५ उरतात. ती ही बेरीज दोनदा करून बघत होती. परीक्षेत अर्थात कच्चं काम उत्तरपुस्तिकेतच करायचं आणि त्यावर रेघ मारायची.

पुढच्या वेळी मात्र गडबड झाली. चार रंगांची पेनं, गोल, बाण, सुंदर कागद आणला, पण त्याला लागली होती ४० मिनिटं आणि निबंध लिहिलाच नव्हता. भीती गेली नव्हती, ती आता आराखड्यात लपली होती. मी रागावले नाही, रागावण्यासारखं काही नव्हतंच, फक्त रंगीत पेनं माझ्याकडे ठेवून घेतली आणि सांगितलं की एक पेन्सिल, पाठकोरा कागद, आणि टायमर वाजला की कागद अर्धा असला तरी पहिला परिच्छेद सुरू. सुरुवात जमत नसेल तर मधला परिच्छेद आधी लिही, सरावात चालतं. आणि अगदीच काही येईना तर आजीला तो विषय सांग, मोबाईलवर रेकॉर्ड कर, आणि आजी जिथे "म्हणजे काय गं?" विचारेल ती जागा लिहून ठेव.

मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, अजून वेळ आहे. गेल्या रविवारी तिनं फोटो पाठवला, विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला केलेला आराखडा, १८ मिनिटांचा. वर पहिलं वाक्य हिंदीत, पहाटे पाच वाजता गल्लीत सुरू होणाऱ्या मोटरींच्या आवाजाबद्दल. खाली मेसेज होता, "ताई, आज जेवून बसले होते."