लवादाने दिलेलं व्याज जास्त आहे म्हणून कोर्ट ते कमी करू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुलाच्या कामावरून सरकारी खात्याशी झालेल्या वादात लवादाने (कोर्टाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या मध्यस्थ न्यायकर्त्याने) तुम्हा कंत्राटदाराला २ कोटी रुपये मंजूर केले, त्यावर निवाड्याच्या (लवादाच्या निकालाच्या) तारखेपर्यंत १२ टक्के सरळ व्याज दिलं आणि निवाड्यानंतर पैसे हातात पडेपर्यंत १५ टक्के. खात्याने लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, निवाडा रद्द करा म्हणून, कोर्टात अर्ज केला आहे. त्यांचा मुख्य मुद्दा, बँका एवढं व्याज देत नाहीत, दोन्ही दर ९ टक्क्यांवर आणा. कोर्ट असं करू शकेल का?

१५ टक्क्यांच्या बाबतीत करू शकेल. १२ टक्क्यांच्या बाबतीत, नुसतं जास्त वाटतं म्हणून नाही.

हा फरक १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३१(७) मध्येच आहे. त्याचा (अ) भाग दाव्याचं कारण घडल्यापासून निवाड्यापर्यंतच्या काळाचा. तिथे लवाद वाजवी वाटेल त्या दराने, पूर्ण किंवा काही रकमेवर, पूर्ण किंवा काही काळासाठी व्याज देऊ शकतो. अट एकच, पक्षांनी करारात वेगळं ठरवलेलं नसावं. (ब) भाग निवाड्यानंतरच्या काळाचा. निवाड्यात दर दिला असेल तर तो चालतो, निवाडा गप्प असेल तर कायद्याचा दर आपोआप लागतो.

कलम ३४ खाली कोर्ट निवाडा रद्द करू शकतं, बदलू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एम. हकीम प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं. २०२३ मध्ये लार्सन एअर कंडिशनिंगच्या निकालात उच्च न्यायालयाने १८ चे ९ टक्के केलेलं व्याज सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १८ टक्के केलं. मग ३० एप्रिल २०२५ ला गायत्री बालासामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ मताने मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला. त्या मर्यादित यादीत निवाड्यानंतरचं व्याज आहे. त्यामागचं कारण मला पटतं: लवाद भविष्यासाठी दर ठरवतो, पुढे किती वर्षं जातील आणि बाजारातले दर कुठे जातील हे त्याला त्या दिवशी दिसत नसतं. निवाड्यापर्यंतचं व्याज मात्र घडून गेलेल्या काळाचं असतं, पुरावा पाहून ठरवलेलं असतं. ते कराराच्या विरुद्ध असेल तर कोर्ट तेवढा भाग रद्द करेल किंवा कलम ३४(४) खाली लवादाकडे परत पाठवेल. आपल्या मनाचा आकडा तिथे घालणार नाही.

खात्याचे वकील बहुधा मॅकडरमॉट (२००६) आणि कृष्णा भाग्य जल निगम (२००७) हे दोन निकाल पुढे करतील. पहिल्यात दर ७.५ टक्क्यांवर आला, दुसऱ्यात १८ चे ९ झाले. पण दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचे आहेत आणि मॅकडरमॉटमध्ये घटनेच्या अनुच्छेद १४२ चा (पूर्ण न्यायासाठी फक्त सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या खास अधिकाराचा) वापर स्पष्ट लिहिला आहे. तो अधिकार जिल्हा न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे नाही. खात्याच्या अर्जाला द्यायच्या उत्तरात हे नेमकं लिहा.

तुमच्या १२ टक्क्यांना खरा धोका दराचा नाही, कराराच्या कलमाचा आहे. "कंत्राटदाराला देय असलेल्या कोणत्याही रकमेवर, अनामत किंवा सुरक्षा ठेवीवर व्याज दिलं जाणार नाही" अशा धाटणीचं वाक्य तुमच्या अटी-शर्तींत आहे का ते आजच बघा. रेल्वेच्या करारांत ते नेहमी सापडतं. ब्राइट पॉवर (२०१५) आणि गर्ग बिल्डर्स (२०२१) या निकालांनुसार असं व्यापक कलम असेल तर निवाड्यापर्यंतचं व्याज टिकत नाही, अगदी १ टक्काही नाही. कलम फक्त "उशिरा दिलेल्या रकमेवर व्याज नाही" एवढंच म्हणत असेल तर भांडायला जागा आहे. २०२५ च्या ओएनजीसी प्रकरणात अशाच धाटणीच्या शब्दांनी लवाद चालू असतानाचं व्याज अडलं नाही. निवाड्यानंतरचं व्याज मात्र असल्या कलमाने अडत नाही (आर. पी. गर्ग, २०२४).

आता सगळे दरावर भांडतात आणि जे बघतच नाहीत ते: व्याज कोणत्या रकमेवर? तुमच्याच आकड्यांत मांडतो. निवाड्यापर्यंत ६ वर्षं गेली असं धरा. २ कोटींवर १२ टक्क्यांनी १.४४ कोटी व्याज, म्हणजे निवाड्याच्या दिवशी ३.४४ कोटी. पुढे:

३.४४ कोटींवर १५ टक्के: वर्षाला ५१.६० लाख
३.४४ कोटींवर ९ टक्के: वर्षाला ३०.९६ लाख
२ कोटींवर १५ टक्के: वर्षाला ३० लाख

दर १५ च राहिला आणि पाया (ज्या रकमेवर व्याज लागतं ती) मुद्दलापुरता उरला, तर तुमचं नुकसान दर ९ झाल्यापेक्षाही थोडं जास्त! हायडर कन्सल्टिंगच्या (२०१४) बहुमतानुसार निवाड्याची "रक्कम" म्हणजे मुद्दल अधिक तोवरचं व्याज. पण मॉर्गन सिक्युरिटीज (२०२२) सांगतं की लवाद ठरवून फक्त मुद्दलावर पुढचं व्याज देऊ शकतो. म्हणून निवाड्याचा शेवटचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. "निवाड्याच्या रकमेवर" लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम. "मंजूर दाव्याच्या रकमेवर" असेल तर खातं तिथेच बोट ठेवेल. करारानेच व्याजाचा दर आणि रीत बांधून दिली असेल तर पाया वाढवणंही अडू शकतं. दिल्ली एअरपोर्ट मेट्रोच्या २०२२ च्या निकालात तेच झालं.

बांधकामाच्या निवाड्यांत व्याज आणखी दोन ठिकाणी कच्चं राहतं. एक, सगळ्या दाव्यांना एकच सुरुवातीची तारीख लावलेली असते. रनिंग बिल (काम चालू असतानाचं टप्प्याटप्प्याचं बिल), अंतिम बिल आणि सुरक्षा ठेव वेगवेगळ्या दिवशी देय होतात. ठेव दोषदायित्वाचा काळ (कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावरच परत मिळायची असते, तर तिच्यावर काम पूर्ण झाल्या दिवसापासून व्याज कसं धावेल? दोन, दुहेरी व्याज. यंत्रसामग्री पडून राहिल्याच्या दाव्यात "भांडवलाचा खर्च" आधीच धरलेला असतो आणि त्याच एकूण रकमेवर पुन्हा व्याज दिलेलं असतं. इथे कोर्टाला उघड बेकायदेशीरपणा दिसू शकतो, आणि तेवढा भाग वेगळा काढता येत असेल तर तेवढाच जातो. दाव्यांचा तक्ता करा: दावा, देय तारीख, करारातलं कलम, व्याजाची सुरुवात. मोजणीपुस्तकातल्या नोंदी आणि बिल सादर केल्याच्या पोचपावत्या शेजारी लावा. निव्वळ गणिताची चूक असेल तर ती निवाडा मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ३३ खाली लवादाकडूनच दुरुस्त करून घ्यायची असते. बरेच जण ही मुदत हातची घालवतात.

१५ टक्के वाचवायचे तर "लवादाचा अधिकार आहे" एवढं म्हणून भागणार नाही. आकड्याला आधार दाखवा. कायद्याचा दर म्हणजे निवाड्याच्या दिवशीच्या चालू दरापेक्षा २ टक्के जास्त, आणि हा चालू दर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे मुदतठेवींचा असतो, कर्जाचा नव्हे. (२३ ऑक्टोबर २०१५ पूर्वी सुरू झालेल्या लवादांत जुना १८ टक्के.) कोर्ट तुलना याच्याशीच करेल, आणि १५ टक्के त्यापुढे उंच दिसेल. म्हणून लवादापुढे दिलेली तुमच्या कॅश क्रेडिट खात्याची मंजुरीपत्रं आणि व्याजाचे उतारे काढा. दुसरा पुरावा करारातच असतो: मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्सवर (काम सुरू करायला दिलेल्या आगाऊ रकमेवर) खात्याने तुमच्याकडून किती टक्के घेतले? ज्याने स्वतः दोन आकडी व्याज वसूल केलं, त्याला तुमचं व्याज अवाजवी म्हणताना अडचण होते.

१५ टक्के हे "इतक्या दिवसांत पैसे दिले नाहीत तर" अशा अटीने वाढवलेले असतील तर वेदांता विरुद्ध शेन्झेन शानडाँग (२०१८) जरूर वाचा. तिथे १२० दिवसांनंतर ९ चे १५ टक्के होणार होते. सर्वोच्च न्यायालयाने वाढीव दर काढला आणि रुपयांच्या रकमेवर सरसकट ९ ठेवला. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत ३ महिने अधिक ३० दिवस असताना तेवढ्याच काळाच्या टोकाला दंडाचा दर लावणं त्यांना मान्य झालं नाही.

शेवटी, अर्ज दाखल झाल्याने वसुली थांबत नाही. खात्याला कलम ३६ खाली वेगळी स्थगिती मागावी लागते. त्या सुनावणीत तुमची मागणी मुद्दलापुरती ठेवू नका. व्याजासह त्या दिवसापर्यंतची पूर्ण रक्कम भरायला सांगा, आणि आकडा तक्त्यानिशी द्या. रक्कम भरली गेली की ती बँक हमीवर उचलायचा अर्ज लगेच करा. हमीचं कमिशन नुसत्या २ कोटींच्या नाही, तर ३.४४ कोटींच्या आणि त्यावरच्या व्याजाच्या हिशेबाने पडेल, तेव्हा बँकेशी आधीच बोलून ठेवा.