जीवशास्त्रच करायचंय, मग गणित कशाला?

प्रश्न : मुलगी दहावी झाली. एका प्रदर्शनात कोंबडीच्या अंड्यातला गर्भ पाहिल्यापासून 'मेंदू कसा घडतो' यावरच संशोधन करायचं म्हणते. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा नको, अकरावीला गणितही नको. यात पोट भरेल का? – एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. नीट नको म्हणते तर राहू द्या. गणित मात्र सोडू देऊ नका.

कारण तिने पाहिलेल्या अंड्यातच आहे. उबवायला ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी गर्भाच्या पाठीवरच्या पेशींचा सपाट पापुद्रा दुमडू लागतो. त्याच्या कडा वर येतात आणि करंजीसारख्या जुळतात. त्या नळीचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. पण पापुद्रा वाकवतं कोण? पेशीच्या वरच्या तोंडाशी ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा घेर असतो. मायोसिन हे दुसरं प्रथिन तो आवळतं, बटव्याची नाडी ओढावी तसा. तोंड आकसलं की पेशीची पाचर होते, आणि अशा पाचरी शेजारी शेजारी आल्या की पापुद्र्याला वळण्यावाचून गत्यंतर नसतं. माणसात ही नळी साधारण २८व्या दिवशी मिटते, म्हणजे आईला दिवस गेल्याचं जेमतेम कळतं तेव्हा. पाठीकडे उघडी राहिली तर बाळाला स्पायना बायफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष होतो.

नंतर चेतापेशी आपला तंतू लांबवते. टोकाला ॲक्टिनची बोटं वाट चाचपडतात, मागून ट्युब्युलिन या प्रथिनाच्या नळ्या शिरतात. एकेक नळी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाइतकी जाड. हे टोक काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १८९० मध्ये कोंबडीच्याच गर्भात पाहिलं होतं.

ताण, वाकणं, वेग. हे सगळं भौतिकशास्त्रच की, आणि ते गणिताशिवाय चालत नाही! शिवाय सूक्ष्मदर्शकातून मिळालेली चित्रं मोजायला आज प्रोग्रॅमिंग लागतं.

बारावीनंतर आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी बघा; पुण्यातही आयसर आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, चारही विषयांवर सारखेच प्रश्न असतात. मुंबईच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा.

पोटाचं म्हणाल, तर पीएचडीच्या सुरुवातीला जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये देते, वर घरभाडं. पण कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते, हे तिला आत्ताच सांगा. लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक तेव्हा तुम्हालाच सांभाळावे लागतील.

तोवर अकरावीच्या फॉर्मवर गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही लिहा.