गाडीचा सल्ला: घाटात बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न: वडिलांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी मी चालवतो. गावात छान चालते, पण उन्हाळ्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढली की धक्के देत बंद पडते. अर्ध्या तासाने लगेच चालू होते. मेकॅनिक म्हणतात कार्ब्युरेटर बदला. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: इतक्यात अजिबात नको. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकलेला कचरा गाडी गार झाली म्हणून निघून जात नाही. आधी पेट्रोल कुठे अडतंय ते शोधू.

पुन्हा बंद पडली की इग्निशन बंद करा, एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल पोचतंय. मग ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तपासा, तापलेल्या कॉइलची लक्षणंही हीच. धार नसेल तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणातलं भोक बुजलंय, टाचणीने मोकळं होईल.

माझा संशय मात्र फ्यूएल पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणाऱ्या पंपावर आहे. पद्मिनीचा पंप इंजिनालाच बसवलेला. घाटात खालच्या गिअरवर इंजिन तापतं, वारा लागत नाही आणि पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठीच. तुम्हीही ठेवा, गाडी लवकर चालू झाली तर रोग सापडला.

त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमच्या गाडीचं जुनं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, तडकतं. टाकी ते पंप या पाइपला तडा गेला तर थेंबही गळत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो. पेट्रोलऐवजी हवा येते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. त्यामुळे तपासत बसू नका, सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) इथेनॉलला टिकणारे घालून टाका. पंप आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मधली उष्णता अडवणारी जाड पट्टी जागेवर आहे ना, हेही बघा. घाईत ती न लावताच पंप आवळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कुणी इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप सुचवला तर साफ नाही म्हणा. त्याच्या दाबापुढे फ्लोटची सुई, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई, टिकत नाही, आणि वाहिलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं.