विल्यम वायलरच्या चित्रपटांत नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: 'रोमन हॉलिडे' आणि 'बेन-हर' दोन्ही बघितले, दोन्ही आवडले, पण एकाच दिग्दर्शकाचे वाटत नाहीत. मग वायलरला एवढं मोठं का म्हणतात, आणि त्याची शैली दिसायला कुठून सुरुवात करावी?

'बेन-हर'पासून करू नका. वायलर समजून घ्यायला त्याचा हा सगळ्यात गाजलेला चित्रपट सगळ्यात कमी कामाचा आहे. ११ ऑस्कर मिळाले, त्यातलं एक दिग्दर्शनाचं, हे खरं. पण ज्या रथशर्यतीसाठी तो लक्षात राहतो ती प्रत्यक्षात चित्रित केली अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट या दुसऱ्या तुकडीच्या, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय वेगळं चित्रीकरण करणाऱ्या गटाच्या, दिग्दर्शकांनी. वायलरची खरी ताकद बंद खोलीत दिसते. तीन-चार माणसं, एक जिना, एक दार, आणि कुणीतरी बोलायचं टाळतंय.

आधी थोडी माहिती, कारण पुढच्या गोष्टी तिला धरून आहेत. जन्म १९०२, अल्सेसमधल्या म्युलूझ गावात; हा भाग तेव्हा जर्मनीत होता. युनिव्हर्सल स्टुडिओचा मालक कार्ल लेमली आईच्या नात्यातला, म्हणून १९२० साली अमेरिकेत आला आणि सुरुवातीला छोटे मूक वेस्टर्नपट धडाधड काढले. पुढे दिग्दर्शनाची १२ ऑस्कर नामांकनं मिळाली, हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यांतली ३ प्रत्यक्षात आली. कॅमेरामन ग्रेग टोलंडबरोबरचं त्याचं काम मात्र नामांकनांपेक्षा महत्त्वाचं. 'सिटिझन केन' टोलंडनेच टिपला हे बहुतेकांना माहीत असतं. वायलरबरोबर तो १९३६पासूनच होता, हे विसरलं जातं.

आता मुद्द्यावर येतो. वायलर प्रेक्षकाचं बोट धरत नाही. दुसरा दिग्दर्शक जिथे चेहरा, मग हात, मग दार असे तीन कट मारेल, तिथे वायलर तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत ठेवतो आणि कॅमेरा हलवत नाही. कुणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवायचं. नाटक बघायची सवय असलेल्या माणसाला हे लवकर जमतं, कारण रंगमंचावर बोलणाऱ्यापेक्षा गप्प उभ्या असलेल्या नटाकडे लक्ष ठेवायची खोड त्याला आधीच लागलेली असते. फरक एवढाच की नाटकात माणसं डावी-उजवीकडे पसरतात, वायलरकडे पुढे-मागे.

यासाठी लागतो डीप फोकस, म्हणजे पुढचा चेहरा आणि मागचं दार एकाच वेळी स्पष्ट. त्यासाठी लेन्स जास्त रुंद कोनाची घ्यावी लागते आणि तिचं छिद्र लहान करावं लागतं. छिद्र एफ २.८ वरून एफ ८ वर आणलं (आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान) की फिल्मवर पडणारा प्रकाश आठपट कमी होतो, म्हणजे सेटवर दिवे आठपट हवेत किंवा फिल्म तेवढी संवेदनशील हवी. १९३०च्या दशकाच्या शेवटी अशी वेगवान फिल्म बाजारात आली आणि टोलंडसारख्यांना मोकळीक मिळाली. पण या पद्धतीची एक किंमत असते. शॉट लांब आणि चौकटीत पाच माणसं असली, की एकाचं चुकलं तरी सगळ्यांचं वाया जातं. संकलनाच्या टेबलावर चूक झाकायला दुसरा तुकडाच नसतो. वायलर एकेका शॉटचे चाळीस-पन्नास टेक घ्यायचा, नटांना काय चुकलं ते सांगायचाच नाही, नुसतं 'पुन्हा' म्हणायचा, अशी त्याची कुप्रसिद्धी आहे. तिचं अर्धं कारण स्वभाव, अर्धं ही पद्धत.

तर सुरुवात 'द लिटिल फॉक्सेस'पासून करा. साल १९४१, लांबी दोन तासांहून थोडी कमी. लिलियन हेलमनच्या नाटकावर आधारलेली, १९०० सालच्या अमेरिकी दक्षिणेतल्या एका हावरट कुटुंबाची गोष्ट. त्यातला एक प्रसंग वायलरची बाराखडी आहे, तो दोनदा बघा. रेजिनाला (बेटी डेव्हिस) गिरणीत गुंतवायला नवऱ्याचे पैसे हवेत, तो देत नाही. बोलता बोलता त्याला हृदयविकाराचा झटका येतो, औषधाची बाटली हातून पडून फुटते. दुसरी वरच्या मजल्यावर आहे. तो तिला आणायला सांगतो. ती हलत नाही.

इथे कॅमेराही हलत नाही. पुढे रेजिनाचा चेहरा, पांढरा, गोठलेला. नवरा धडपडत तिच्या मागून जातो, क्षणभर चौकटीबाहेर होतो, मग मागे जिन्यावर दिसतो, आणि तिथे तो अस्पष्ट आहे. टोलंडला तो स्पष्ट दाखवणं अजिबात कठीण नव्हतं. वायलरने मुद्दाम धूसर ठेवायला लावलं. डीप फोकसचा बादशहा ऐन मरणाच्या क्षणी फोकस सोडून देतो. त्यामुळे तुम्ही डोळे ताणून मागे बघायला लागता, आणि पुढचा चेहरा काहीच करत नाही हे जास्तच अंगावर येतं. नवऱ्याचं काम करणाऱ्या हर्बर्ट मार्शलचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेलेला होता, म्हणून तो चौकटीबाहेर जाताच जिना चढायला दुसरा माणूस आला, आणि धूसरपणामुळे तेही खपून गेलं. पहिल्यांदा बघाल तेव्हा फक्त रेजिनाकडे बघा. दुसऱ्यांदा फक्त जिन्याकडे.

त्याच चित्रपटात बाप-लेक एकमेकांकडे पाठ करून दाढी करतात तो प्रसंगही सोडू नका. दोघे आरशांतून बोलतात. चोरीची कल्पना पुढे सरकते आणि दोघांपैकी कुणालाच ती आपली म्हणायची नसते. समोरासमोर उभे करून हा प्रसंग निम्माही चालला नसता.

यानंतर 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज', १९४६. पावणेतीन तासांहून मोठा आहे, त्यामुळे दोन बैठकींत बघायला हरकत नाही. युद्धावरून परतलेले तीन सैनिक, होमर, अॅल आणि फ्रेड, आणि त्यांचं गाव. वायलर स्वतः हवाई दलासाठी माहितीपट करायला बॉम्बफेकी विमानांतून उडाला होता आणि एका कानाने बहिरा होऊन परतला होता. सेट नेहमीसारखे ऐसपैस न बांधता खऱ्या घरांच्या मापाचे बांधले, कपडे नटांनी दुकानातून घेऊन चित्रीकरणाआधी वापरून जुने केले. होमरचं काम करणारा हॅरल्ड रसेल व्यावसायिक नट नव्हता. सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले होते. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकमेव माणूस.

यातला बारचा प्रसंग सगळे सांगतात, आणि तो खरंच तेवढा चांगला आहे. पुढे होमर हातांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आकड्यांनी बारमालक बुचबरोबर पियानो वाजवतोय, लोक जमलेत, मजा चाललीय. अॅल पियानोला टेकून उभा. आणि मागे, चौकटीच्या कोपऱ्यात, टेलिफोनच्या खोक्यात अंगठ्याएवढा फ्रेड. तो अॅलच्याच मुलीला फोन करून संबंध तोडतोय. एक शब्द ऐकू येत नाही. अॅलनेच त्याला हे करायला सांगितलंय, म्हणून अॅलचे कान पियानोकडे आणि जीव मागे. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने १९४८ साली वायलरवर जो लेख लिहिला, त्यात या प्रसंगाची चिरफाड आहे. वायलरने मध्ये अॅल मागे बघतोय असे दोन जवळचे शॉट घातलेत, प्रेक्षकाचं मागे लक्ष जाणारच नाही या धास्तीने, हेही बाझँने टिपलं. माझ्या मते ते दोन्ही शॉट नसते तरी चाललं असतं.

मला स्वतःला त्याहून मोठा वाटतो तो अॅलच्या घरवापसीचा प्रसंग. दार मुलं उघडतात, तो त्यांना गप्प करतो. आत बायको विचारते, कोण आलंय? उत्तर येत नाही, आणि त्या शांततेवरूनच तिला कळतं. ती बोळाच्या दुसऱ्या टोकाला येते, आणि कॅमेरा अॅलच्या पाठीमागेच राहतो. मर्ना लॉयच्या डोळ्यांतल्या पाण्याचा क्लोज-अप कुणीही घेतला असता. इथे आपण लांबच थांबतो, मुलांसारखे, कारण तो क्षण आपला नाही.

या दोघांनंतर 'द एअरेस' (१९४९). टोलंड १९४८ साली गेला, त्यामुळे वायलरचं स्वतःचं काय होतं आणि टोलंडचं काय, हे इथे तपासता येतं. जिन्यावर लक्ष ठेवा. प्रियकर पळून नेणार म्हणून रात्रभर वाट बघितलेली कॅथरीन बॅगा घेऊन जिना चढते तेव्हा तिचा देह ओढल्यासारखा चढतो. शेवटी तोच जिना ती हातात दिवा घेऊन चढते, खाली तो माणूस दार ठोठावतोय, आणि आता चाल पूर्ण वेगळी आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंडने ऑस्कर मिळवलं ते माझ्या हिशेबी या दोन चढण्यांतल्या फरकावर.

'जेझबेल' (१९३८) कृष्णधवल आहे, आणि त्याचा कणा आहे एक लाल झगा. लाल रंग पडद्यावर नाहीच. नृत्यात सगळ्या अविवाहित मुली पांढऱ्यात, नायिका एकटी काळसर, आणि भोवतालची माणसं मागे सरकत जाऊन नाचायची जागा रिकामी करतात. लाल तुम्हाला त्यांच्या सरकण्यातून दिसतो. 'द लेटर' (१९४०) निदान पहिल्या काही मिनिटांसाठी बघा: चंद्र, रबराच्या झाडातून ठिबकणारा चीक, झोळ्यांत झोपलेले मजूर, सगळं संथ सरकत जातं आणि मग गोळ्या. 'वदरिंग हाइट्स' (१९३९) बघाल तर शेवटचा भुतांचा शॉट वायलरच्या खात्यावर टाकू नका. तो निर्माता सॅम्युअल गोल्डविनने वायलरचा विरोध डावलून जोडला. 'मिसेस मिनिव्हर' आज बराच प्रचारकी वाटतो, तो नंतर बघितला तरी चालेल.

आता बघायचं कसं. मोबाइल नको, हे आधी सांगतो. टेलिफोनच्या खोक्यातला फ्रेड साडेसहा इंचांच्या पडद्यावर तांदळाएवढा होतो आणि प्रसंगच संपतो. लॅपटॉप चालेल, टीव्ही उत्तम. १९५३पर्यंतचे त्याचे चित्रपट १.३७ : १ या जवळपास चौकोनी प्रमाणात आहेत, म्हणजे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. दिसत नसतील तर एकतर चित्र ताणलंय आणि माणसं जाडी झालीत, किंवा वरखाली मिळून उंचीतला २३ टक्के भाग कापलाय. वायलरच्या चौकटीत वरचा भाग म्हणजे जिना आणि छत, तेव्हा ते परवडत नाही. 'बेन-हर'चं उलट: प्रमाण २.७६ : १, पट्ट्या वरखाली, आणि चित्र टीव्हीच्या उंचीच्या ६४ टक्क्यांतच मावतं. पडदा भरून दिसत असेल तर रुंदीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग गेलाय.

टीव्हीचं 'व्हिव्हिड' बंद करून 'सिनेमा' मोड लावा, नाहीतर मागच्या सावल्या एकतर काळ्या ठार होतात किंवा राखाडी. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, तीही बंद. नंतर रंगवलेल्या आवृत्त्या टाळा. दिवे मालवून बघा. सबटायटल पहिल्या वेळी हवेतच, पण ती नजर सतत चौकटीच्या खालच्या कडेला खेचून ठेवतात. म्हणून आवडलेला प्रसंग दुसऱ्यांदा सबटायटल आणि आवाज दोन्ही बंद करून बघा. कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण कुणाच्या वरच्या पायरीवर आहे, एवढंच बघायचं. एक कट पडेपर्यंत मनात आकडे मोजून पाहा. आजच्या एखाद्या चित्रपटाशी ताडलंत तर फरक लगेच हाताला लागतो.

थोडं पुढे जायचं असेल तर एक जोडी आहे. हेलमनचं एकच नाटक वायलरने दोनदा केलं. 'दीज थ्री' (१९३६) मध्ये सेन्सॉरच्या नियमांमुळे दोन शिक्षिकांमधल्या समलैंगिक संबंधाचा आरोप काढून टाकावा लागला, त्याजागी साधा प्रेमत्रिकोण घातला. 'द चिल्ड्रन्स अवर' (१९६१) मध्ये मूळ आरोप परत आला. पहिल्यात शिक्षिका असलेली मिरियम हॉपकिन्स दुसऱ्यात आत्या होऊन आलीय. गंमत म्हणजे बांधलेल्या हातांनी केलेला १९३६चाच मला जास्त धारदार वाटतो.

एवढं झालं की तुम्ही आधी बघितलेला 'रोमन हॉलिडे' पुन्हा लावा, फक्त पहिली आणि शेवटची दहा मिनिटं. सुरुवातीच्या स्वागत समारंभात राजकन्या ताठ उभी आहे, आणि झग्याखाली तिचा बूट पायातून निसटलाय. मोठ्या दिवाणखान्यात फक्त आपल्याला माहीत असलेली एक चूक. शेवटी पुन्हा तसाच समारंभ, तसेच ताठ लोक, फक्त आता गुपित तिघांना माहीत आहे आणि सगळं 'भेटून आनंद झाला' एवढ्याच वाक्यांत उरकायचंय. ती चबुतऱ्यावरून खाली उतरते, पत्रकारांच्या रांगेतून हात मिळवत जाते, परत वर जाते. मग सगळे निघून जातात आणि ग्रेगरी पेक एकटा त्या लांबलचक दालनातून चालत येतो, कॅमेरा त्याच्या पुढे मागे-मागे सरकत राहतो, फरशीवर बुटांचा आवाज. दाराशी पोचल्यावर तो एकदा वळून बघतो. ती परत येईल असं तुम्हाला क्षणभर वाटलं असेल, तर ते त्या दोघांमधल्या रिकाम्या जागेमुळे, जी वायलरने एकही कट न मारता तेवढा वेळ उघडी ठेवलीय.