ग्रेनोबलला निघण्याआधी मकरपुऱ्यात एक टाकी बनवून घे

तुझा प्रश्न असा: वडोदऱ्यात एम.एस्सी. फिजिक्स संपत आलंय, फिरत्या ग्रहांच्या वातावरणातल्या एकल तरंगांवर (सॉलिटॉनवर) फ्रान्समधल्या ग्रेनोबलला पीएचडी करायची आहे, तर सुरुवात कुठून करू?

आधी अर्जातलं एक वाक्य काढ. ‘गुरूवरचा तांबडा डाग म्हणजे सॉलिटॉन’ असं ठामपणे लिहू नकोस. मॅक्सवर्थी आणि रेडेकॉप या संशोधकांनी १९७६ साली तशी मांडणी केली होती, आणि ती सुंदर आहे. पण खरे सॉलिटॉन आदळले तरी आरपार जातात, आकार तोच राहतो, जागा तेवढी सरकते. गुरूवरचे तीन पांढरे भोवरे मात्र १९९८ ते २००० या काळात एकमेकांत मिसळून एकच झाले. हे टर्ब्युलन्सचं, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचं वागणं: द्विमितीय प्रवाहात ऊर्जा लहान भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे जाते आणि ऱ्हाइन्स लांबीपाशी, म्हणजे √(U/β) पाशी (U वाऱ्याचा वेग, β म्हणजे ग्रहाच्या फिरण्याचा परिणाम अक्षांशागणिक किती बदलतो ते), रॉस्बी तरंग, म्हणजे या β मुळेच उठणाऱ्या मोठ्या लाटा, तिला पूर्व-पश्चिम पट्ट्यांत वळवतात. २२ अंश अक्षांश आणि ५० मीटर प्रति सेकंद वारा धरून गुरूसाठी ती काढ. सुमारे ३,३०० किमी यायला हवी.

असे प्रवाह प्रयोगशाळेत फिरत्या टाकीत बघतात; ग्रेनोबलचा त्यासाठीचा कोरिओलिस मंच १३ मीटर व्यासाचा आहे. तुला ६० सेंटिमीटरची अ‍ॅक्रिलिकची गोल टाकी पुरे. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेटर बनवून देईल. भिंत २५ सेंटिमीटर, पाणी १५, फिरणं मिनिटाला ३० फेरे. पाणीच ४२ किलो भरतं, म्हणून खाली थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलणारं) हवंच. या वेगाला पाण्याचा पृष्ठभाग कडेला मधल्यापेक्षा साडेचार सेंटिमीटर वर चढतो. हा उतारच β देतो, तळ तिरका करायची गरज नाही. मध्य उथळ, म्हणून तोच ध्रुव समज. प्रवाह सेकंदाला १ सेंटिमीटर असेल तर पट्ट्यांचं माप ४ सेंटिमीटरच्या आसपास.

बिघडतं ते घाईने. पाणी टाकीबरोबर एकजीव फिरायला किमान २० मिनिटं दे, तोवर ढवळू नकोस. टेबल लेव्हलमध्ये नसेल तर दर फेरीला पाणी हिंदकळतं आणि तीच लाट रॉस्बी तरंग वाटते. पंखा बंद, वर पारदर्शक झाकण. मोबाइल फिरत्या चौकटीलाच बांध. पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकलास की जांभळा धागा सरळ उभा राहतो, आणि ढवळल्यावर त्याचे उभे पडदे होतात. ते पडदे दिसले तर फिरणं पुरेसं आहे. हा व्हिडिओ अर्जाला जोड, मोजमापांसकट.

आता कागद. तिथे पगारी करार साधारण तीन वर्षांचा असतो, आणि प्रयोगशाळेकडून यजमान-करार मिळाला की संशोधकाचा व्हिसा मागायचा. काही प्रयोगशाळांत प्रवेशाला सुरक्षा-मंजुरी लागते, त्यात दोन महिने जाऊ शकतात, तेव्हा तिकीट आधी काढू नकोस. पोचल्यावर पुढची नोंदणी तुझ्या व्हिसाच्या प्रकाराला ठरलेल्या मुदतीत करून घे. जन्मदाखल्याकडे आजच बघ: आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, आणि फ्रान्सच्या आरोग्यविम्याला नाव आणि आई-वडिलांची नावं दोन्ही लागतात. नाव आधी चढवून घे, मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का.