शुक्रवारपर्यंत : ‘बाय’ की ‘टिल’?

वाचकांच्या या वेळच्या पत्रांत इंग्रजीबद्दलच्या शंका बऱ्याच आहेत. नीट पाहिलं तर त्यांतल्या बहुतेक एकाच मराठी शब्दाभोवती फिरतात. तो शब्द म्हणजे ‘पर्यंत’. म्हणून त्या इथे एकत्र घेतल्या आहेत.

प्रश्न : एका कारखान्याच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार पाहतो. ग्राहकाला ‘वी विल सेंड द कोटेशन टिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर साहेबांनी ‘टिल’ खोडून ‘बाय’ केलं. त्याच पत्रातलं ‘द ऑफर इज ओपन टिल फ्रायडे’ मात्र तसंच ठेवलं. मराठीत दोन्हीकडे ‘शुक्रवारपर्यंत’च येतं. मग हा भेद कशासाठी? (सांगली)

साहेबांनी दोन्हीकडे बरोबर केलं. ‘पर्यंत’ हा शब्द फक्त हद्द सांगतो. त्या हद्दीच्या आत काम एकदाच उरकायचं आहे, की हद्द येईस्तोवर ते चालूच राहणार आहे, हे मराठी माणूस क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजीत हा निवाडा शब्दयोगी अव्ययालाच करावा लागतो. एकदाच उरकायच्या कामाला ‘बाय’, चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. हिंदीतला ‘तक’ आणि जर्मनमधला ‘बिस’ आपल्या ‘पर्यंत’सारखेच दुहेरी आहेत, त्यामुळे ते बोलणारेही इथेच अडखळतात.

वाक्य लिहिण्यापूर्वी ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून पाहा. ‘शुक्रवारच्या आत कोटेशन पाठवतो’ हे वाक्य चालतं, म्हणून ‘बाय’. ‘ऑफर शुक्रवारच्या आत चालू आहे’ हे कानाला खटकतं, म्हणून ‘टिल’. शंका उरली तर क्रियापद ताणून पाहा. ‘पाठवून टाकतो’, ‘संपवून देतो’ असं म्हणता आलं तर ‘बाय’. ‘करत राहतो’, ‘थांबून राहतो’ असं म्हणता आलं तर ‘टिल’. ‘सहापर्यंत काम करेन’ याचं इंग्रजी ‘आय विल वर्क टिल सिक्स’, पण ‘सहापर्यंत काम करून टाकेन’ याचं ‘आय विल फिनिश द वर्क बाय सिक्स’.

तुमच्या मूळ वाक्याचा अर्थ ‘शुक्रवार येईपर्यंत कोटेशन पाठवत राहू’ असा होत होता. तरी ग्राहक ते समजून घेतो. खरा घोटाळा होतो तो दोन्ही शब्द व्याकरणात बसतात तिथे. ‘आय विल बी इन द ऑफिस बाय इलेव्हन’ म्हणजे अकराच्या आत ऑफिसात पोचेन. ‘आय विल बी इन द ऑफिस टिल इलेव्हन’ म्हणजे अकरापर्यंतच सापडेन, नंतर नाही. दुकानाबाहेरच्या पाटीवर ‘ओपन टिल एट’ असेल तर आठला शटर खाली येणार. तिथे कुणी ‘ओपन बाय एट’ लिहिलं, तर आठच्या आत दुकान उघडलेलं असेल असा अर्थ होतो आणि गिऱ्हाईक नेमकं साडेआठला येऊन उभं राहतं.

प्रश्न : ‘जोपर्यंत पावती मिळत नाही तोपर्यंत पैसे देणार नाही’ याचं भाषांतर मी ‘आय विल नॉट पे अनटिल आय डोन्ट गेट द रिसीट’ असं करते. हे चूक आहे असं सांगतात. मराठीत दोनदा ‘नाही’ आहे, मग इंग्रजीत एकदाच का? (नांदेड)

ही चूक मराठी माणसाच्या इंग्रजीत इतकी मुरली आहे की ती करणाऱ्याला खटकतसुद्धा नाही. आपण ‘जोपर्यंत’च्या वाक्यात ‘नाही’ घालून पावती न मिळाल्याचा सगळा काळ दाखवतो. ‘अनटिल’ काळ दाखवत नाही, तो ज्या क्षणी संपतो तो क्षण दाखवतो, म्हणजे पावती हातात पडण्याचा क्षण. तिथे ‘डोन्ट’ घातलं की पावती न मिळण्याचा क्षण अशी विचित्र गोष्ट तयार होते. म्हणून ‘आय विल नॉट पे अनटिल आय गेट द रिसीट’.

तुमच्या वाक्याला मराठीतच दुसरं रूप आहे : ‘पावती मिळाल्याशिवाय पैसे देणार नाही’. आधी मनात हे रूप करा आणि मग इंग्रजी लिहा. दुसरा ‘नाही’ आपोआप गळतो. ‘अनलेस’चंही असंच आहे. ‘अनलेस’च्या पोटातच ‘जर नाही’ आहे, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट साइन’ लिहिलं की अर्थ उलटतो.

याच वाक्यात दुसरा खड्डा काळाचा आहे. ‘अनटिल’, ‘टिल’, ‘बाय द टाइम’ यांच्यापुढे भविष्यातली गोष्ट सांगायची असली तरी ‘विल’ येत नाही. ‘तू येशील तोवर माझं जेवण झालेलं असेल’ यातल्या ‘येशील’मुळे आपण ‘बाय द टाइम यू विल कम’ लिहून बसतो. हवं ते ‘बाय द टाइम यू कम, आय विल हॅव फिनिश्ड माय लंच’. वाक्याच्या दुसऱ्या भागात मात्र मराठी मदतीला येते : ‘झालेलं असेल’ हे रूप सुचलं की तिथे ‘विल हॅव’ हमखास बसतं.

प्रश्न : ‘तो सहापर्यंत आला नाही’ इथे ‘बाय’ की ‘अनटिल’? (बेळगाव)

आधी तो शेवटी आला की नाही ते ठरवा. मराठी वाक्य ते सांगत नाही. सहा वाजता पाहिलं तेव्हा तो आलेला नव्हता आणि पुढचं माहीत नाही, असं असेल तर ‘ही हॅडन्ट कम बाय सिक्स’. ‘ही डिडन्ट कम अनटिल सिक्स’ म्हणजे तो आला, पण सहा वाजले तेव्हा कुठे आला. नकारासोबतच्या ‘अनटिल’ला मराठीत ‘तेव्हा कुठे’ हा जवळचा शब्द आहे, ‘पर्यंत’ नव्हे. पोलीस तक्रारीत किंवा विम्याच्या अर्जात हा फरक महागात पडू शकतो. ‘द अ‍ॅम्ब्युलन्स डिडन्ट कम अनटिल सिक्स’ लिहिलंत तर रुग्णवाहिका सहाला आली, असं तुम्ही लिहून दिलेलं असतं.

प्रश्न : ‘सबमिट बाय ३१ मार्च’ म्हणजे ३१ तारीख धरून की सोडून? (ठाणे)

रोजच्या वापरात धरून. ‘बिफोर ३१ मार्च’ असेल तर शेवटचा दिवस ३० मार्च. वर दिलेल्या ‘च्या आत’च्या कसोटीत इथे एक फट आहे. ‘३१ तारखेच्या आत’ म्हटलं की मराठीत काहीजण ३१ तारीख सोडून देतात. ती कसोटी शब्द निवडायला वापरा, दिवस मोजायला नको.

वाद होऊ शकेल असा कागद असेल तर नुसत्या ‘बाय’वर विसंबू नका. ‘ऑन ऑर बिफोर ३१ मार्च’ लिहा. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १३९ मध्येही विवरणपत्र ‘ऑन ऑर बिफोर द ड्यू डेट’ द्यायचं, असेच शब्द होते. ‘टिल ३१ मार्च’नेही कधीकधी शंका येते. तिथे ‘अप टु अँड इन्क्लुडिंग’ लिहिलं की प्रश्न मिटतो. वेळही घाला. नुसत्या ‘बाय फ्रायडे’चा अर्थ कुणी ऑफिस सुटेपर्यंत घेतो, कुणी मध्यरात्रीपर्यंत. आणि मध्यरात्र लिहिताना ‘ट्वेल्व्ह मिडनाइट’ टाळा. ३१ तारखेची मध्यरात्र म्हणजे ३१ सुरू होताना की संपताना, यावर दोन शहाण्यांचं एकमत होत नाही. ‘११.५९ पीएम’ लिहिणं कुरूप दिसतं, पण भांडण टळतं.

प्रश्न : ‘दोन दिवसांपर्यंत पाठवतो’ याला ‘बाय टू डेज’ चालेल का? (सोलापूर)

नाही. मुदत सांगणाऱ्या ‘बाय’पुढे घड्याळातली वेळ, वार, तारीख किंवा ‘द एंड ऑफ द मंथ’सारखा टप्पा लागतो. किती दिवस हा आकडा तिथे चालत नाही. दोन दिवसांच्या आत केव्हाही असेल तर ‘विदिन टू डेज’. ‘इन टू डेज’ म्हणजे बहुधा आजपासून दोन दिवसांनी. ‘आय विल बी बॅक इन टेन मिनिट्स’ म्हणणारा दहा मिनिटांनी येतो, दुसऱ्या मिनिटाला येईल अशी अपेक्षा नसते.

‘बाय टू डेज’ हा शब्दप्रयोग आहे, पण त्याचा अर्थ निराळा. त्यातून फरक किती ते कळतं. ‘द मीटिंग इज पोस्टपोन्ड बाय टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी पुढे ढकलली. कोणत्या दिवसावर ढकलली ते सांगायचं तर ‘टु फ्रायडे’. मराठीतला ‘नी’ आणि ‘वर’ यांचा भेद इथे तंतोतंत जुळतो. भाव दहा टक्क्यांनी वाढले तर ‘बाय टेन पर्सेंट’, व्याजदर दहा टक्क्यांवर गेला तर ‘टु टेन पर्सेंट’. सातावरून दहावर गेलेला दर ‘बाय टेन’ लिहिला तर वाचणारा सतरा समजेल.

प्रश्न : ‘टिल’ हे ‘अनटिल’चं छोटं रूप आहे का? आणि ‘टिल डेट’ बरोबर आहे का? (पणजी)

छोटं रूप नाही. ‘टिल’ हा शब्द ‘अनटिल’पेक्षा जुना आहे. अर्थ एकच, फक्त ‘अनटिल’ जरा औपचारिक वाटतो आणि वाक्याच्या सुरुवातीला अधिक शोभतो. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला शेवटी दोन ‘एल’ आणि ‘अनटिल’ला एक, इथे चांगले चांगले चुकतात. ‘टिल डेट’ भारतात सर्रास चालतं. परदेशी पत्रात ‘टु डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा आणि क्रियापदाला ‘हॅव’ जोडा : ‘वी हॅव रिसीव्ह्ड टू पेमेंट्स टु डेट’. ‘अप टु’ हे दोन शब्द आहेत, आपल्याकडच्या बिलांवर आणि सेलच्या फलकांवर ते कितीही जोडून छापलेले असले तरी.