पर्लच्या चाचण्यांत आउटपुट पकडताना

प्रश्न : पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या चाचणीत एसटीडीआउट (प्रोग्रॅमचा नेहमीचा आउटपुट प्रवाह) लोकल, म्हणजे तेवढ्या ब्लॉकपुरते, करून एका व्हेरिएबलकडे वळवले. प्रिंटचा मजकूर त्यात येतो, पण सिस्टम फंक्शनने चालवलेल्या बाहेरच्या कमांडचा मजकूर स्क्रीनवरच उमटतो. असे का?

उत्तर : व्हेरिएबलवर उघडलेले फाइलहँडल ही पर्लच्या आतली सोय आहे. त्यामागे खरा फाइल डिस्क्रिप्टर (ऑपरेटिंग सिस्टमने उघड्या फाइलला दिलेला क्रमांक) नसतो. फाइलनो फंक्शनने तो विचारून पाहा, उणे १ मिळेल. नवी प्रोसेस मात्र डिस्क्रिप्टर १ (आउटपुट) आणि २ (एरर) एवढेच ओळखते, तुमच्या व्हेरिएबलची तिला गंधवार्ता नसते. सी भाषेच्या लायब्ररीतल्या प्रिंटएफ फंक्शनचा मजकूरही असाच निसटतो. मूळ एसटीडीआउट बंद करून हाच प्रयोग केलात तर आणखी वाईट : डिस्क्रिप्टर १ च उरत नाही आणि कमांडचा मजकूर गडप होतो.

म्हणून कॅप्चर टायनी हे पर्लचे मॉड्यूल वापरा. ते डिस्क्रिप्टरच तात्पुरत्या फाइलकडे वळवते आणि काम झाल्यावर पूर्ववत करते. त्याच्या कॅप्चर फंक्शनला कोडचा ब्लॉक द्यायचा; त्याकडून आधी आउटपुट, मग एरर-आउटपुट (एसटीडीइआरआर), मग ब्लॉकने परत दिलेली लिस्ट मिळते. शेवटच्या महिरपी कंसानंतर अर्धविराम हवाच, कारण हा फंक्शन कॉल आहे. तो राहिला की एरर पुढच्या ओळीवर दाखवली जाते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

प्रश्न : ब्लॉकमध्ये डाय झाले (कोड एररने थांबला) की पकडलेला मजकूर हातीच लागत नाही.

उत्तर : एक्सेप्शन बाहेर पडते, त्यामुळे कॅप्चर काही परत करण्याची वेळच येत नाही. कॅप्चरला दिलेल्या ब्लॉकच्या आतच कोडभोवती इव्हॅल (एरर अडवून धरणारी रचना) लावा. मात्र मग डायचा संदेश एसटीडीइआरआरवर दिसणार नाही. तो डॉलर-अ‍ॅट ($@) या व्हेरिएबलमध्ये तपासा. कोड एक्झिट करत असेल तर इव्हॅलचा उपयोग नाही. स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये, डॉलर-कॅरट-एक्स ($^X) या व्हेरिएबलमधल्या त्याच पर्लने चालवा. डॉलर-प्रश्नचिन्ह ($?) या व्हेरिएबलमधली किंमत ८ बिट उजवीकडे सरकवली की एक्झिट कोड मिळतो.

प्रश्न : अपेक्षित ओळीत ‘पर्ल’ नीट दिसते, मिळालेल्या ओळीत कचरा. शिवाय ‘वाइड कॅरॅक्टर इन प्रिंट’ ही वॉर्निंग येते.

उत्तर : पकडलेल्या ‘पर्ल’ या शब्दाची लेंग्थ मोजा. ४ ऐवजी १२ आली तर हाती अक्षरे नसून बाइट्स आहेत. कॅप्चरच्या आधीच एसटीडीआउटला बिनमोड फंक्शनने यूटीएफ-८ लेयर (अक्षरे आणि बाइट्स यांत रूपांतर करणारा थर) लावा; वाचताना कॅप्चर टायनी तोच लेयर लावते. वॉर्निंगचे कारण निराळे आहे. टेस्ट मोअर हे चाचण्यांचे मॉड्यूल लोड होतानाच हँडल्सची स्वतःची प्रत काढून ठेवते, त्यामुळे नंतरचा बिनमोड तिच्यापर्यंत पोहोचत नाही. टेस्ट मोअरच्या बिल्डर या ऑब्जेक्टच्या आउटपुट आणि फेल्युअर-आउटपुट या दोन्ही हँडल्सना तो स्वतंत्रपणे लावा.

प्रश्न : दोन्ही प्रवाह एकत्र पकडणाऱ्या कॅप्चर-मर्ज्डमध्ये ओळींचा क्रम उलटसुलट का?

उत्तर : फाइलकडे जाणारे एसटीडीआउट बफरमध्ये साठते, एसटीडीइआरआर लगेच लिहिले जाते. डॉलर-पाइप ($|) १ केल्याने, म्हणजे बफर लगेच रिकामा करायला लावल्याने, बराच फरक पडतो, पण क्रमाची हमी मिळत नाही. दोन्ही प्रवाह वेगळे पकडून वेगळे तपासा.